सायलेन्सर घ्यायचा का? टेक्सासात नव्याने शिकारीला लागलेल्यांसाठी

दिवाळीच्या आसपास इथला हरणांचा मोसम सुरू होतो, आणि दरवर्षी मंडळातला कुणीतरी नवा मुलगा मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतो, "काका, सायलेन्सर घ्यावा म्हणतोय. चालतो ना?" हळू आवाजात, कारण आपल्या डोक्यात सायलेन्सर म्हणजे सिनेमातल्या सुपारी घेणाऱ्याचं हत्यार. इथे तो गन शॉपच्या काचेच्या कपाटात दुर्बिणींच्या शेजारी पडलेला असतो आणि सत्तरीचे आजोबा तो हातात घेऊन वजन बघत असतात. शिकारी त्याला 'कॅन' म्हणतात, दुकानदार 'सप्रेसर' म्हणतो आणि सरकारी कागदावर 'सायलेन्सर'च लिहिलेलं असतं.

मी मूळचा कणकवलीकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात शिरली की आजोबा एक बार काढायचे आणि अख्खी वाडी जागी व्हायची. आवाज हाच त्या बंदुकीचा अर्धा उपयोग होता. बंदुकीचा आवाज कमी करायला कुणी पैसे मोजेल, हे त्यांना सांगितलं असतं तर हसले असते. शिवाय आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात आवाज दाबणारं साधन बंदुकीच्या व्याख्येतच धरलेलं आहे. तेव्हा मनात जी धाकधूक आहे ती अगदीच चुकीची नाही. फक्त तिची जागा चुकते. इथे भीती वस्तूची नको, कागदाची हवी.

म्हणून मी पहिला प्रश्न रायफलीचा विचारतच नाही. विचारतो, व्हिसा कोणता?

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन, एच-फोर ही सगळी मंडळी कायद्याच्या भाषेत 'नॉन-इमिग्रंट'. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत आणि आपल्या लोकांच्या कामाचा अपवाद एकच: कुठल्यातरी राज्याचा शिकारीचा वैध परवाना तुमच्याकडे असला पाहिजे. टेक्सासात सहा महिने राहिलात की रहिवाशाच्या दराने हा परवाना साधारण २५ डॉलरला मिळतो. बाहेरच्यांना तोच तीनशेच्या वर पडतो. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर शिकारीचं प्रशिक्षणही करावं लागतं. ते कंटाळवाणं वाटलं तरी नीट करा.

आता यातली मेख. टेक्सासचा शिकारीचा परवाना तुम्ही नोव्हेंबरात काढा नाहीतर जूनमध्ये, तो ३१ ऑगस्टलाच संपतो. ग्रीन कार्डवाल्याचा परवाना संपला तर त्याला शिकार करता येत नाही, एवढंच. एच-वन-बीवाल्याचा संपला तर १ सप्टेंबरच्या सकाळी कपाटातली बंदूक तिथे नुसती असणं हाच गुन्हा होतो. कायद्याच्या लेखी सायलेन्सर ही स्वतंत्र 'फायरआर्म'च आहे, म्हणजे रायफल मित्राकडे ठेवून नुसता सायलेन्सर घरात राहिला तरी तेच. शिक्षा १५ वर्षांपर्यंत आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात तर देशाबाहेर काढण्याची वाट सरळ मोकळी होते. नवा परवाना ऑगस्टच्या मध्यापासून मिळायला लागतो. माझ्या ओळखीतली मुलं १५ ऑगस्टला झेंडावंदनाचे फोटो पाठवतात, त्यांना मी उत्तरादाखल एवढंच लिहितो: परवाना काढला का?

घरातला प्रश्नही याच्याच शेजारचा. सायलेन्सर तुमच्या एकट्याच्या नावावर नोंदवलेला असेल तर तुम्ही जवळ नसताना तो दुसऱ्याच्या ताब्यात जाता कामा नये. बायको एच-फोरवर असेल आणि तिजोरीचा आकडा तिला माहीत असेल तर हा मुद्दा वकिलाला विचारण्याइतका गंभीर आहे. काही जण त्यासाठी ट्रस्ट करतात, म्हणजे नोंद ट्रस्टच्या नावावर आणि जबाबदार व्यक्ती एकाहून जास्त. पण त्यातल्या प्रत्येकाचे फोटो आणि बोटांचे ठसे जातात, आणि प्रत्येकाची पात्रता वेगळी तपासली जाते. ट्रस्टने व्हिसाचा प्रश्न सुटत नाही.

खरेदीची पद्धत आता पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने सायलेन्सरवर २०० डॉलर कर बसवला होता. त्या काळी ती रक्कम सामान्य माणसाला परवडूच नये इतकी होती. पुढे नव्वद वर्षं कराचा आकडा तोच राहिला. १ जानेवारी २०२६ पासून तो कर शून्य झाला. यावरून काहींनी 'आता सायलेन्सर मोकळा झाला' अशी अफवा पिकवली आहे. तसं काहीही झालेलं नाही. कर गेला, नोंदणी राहिली. अर्ज, ठसे, फोटो, पार्श्वभूमीची तपासणी, सगळं तसंच आहे, आणि एटीएफची (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय खात्याची) मंजुरी येईपर्यंत वस्तू विक्रेत्याकडेच राहते. मी २०१६ साली पहिला घेतला तेव्हा पैसे देऊन दहा महिने वाट पाहिली होती. दर महिन्याला दुकानात जाऊन काचेतून दर्शन घेऊन यायचो. आता ऑनलाइन अर्जावर बऱ्याचदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत काम होतं.

दुसरी अफवा 'मेड इन टेक्सास'ची. २०२१ मध्ये टेक्सासने कायदा केला की राज्यातच बनलेल्या आणि राज्यातच राहणाऱ्या सायलेन्सरला केंद्राचे नियम लागू नाहीत. ऐकायला झकास वाटतं. पण त्या कायद्याने केंद्राच्या गुन्ह्यातून कुणाची सुटका होत नाही. त्या भरवशावर राहू नका, तुमचा व्हिसा काही ऑस्टिनहून, म्हणजे टेक्सासच्या राजधानीतून, येत नाही.

आणि एक सापळा खास आपल्यासारख्या काटकसरी इंजिनियरांसाठी आहे. ऑनलाइन तीस-चाळीस डॉलरला 'सॉल्व्हंट ट्रॅप' नावाचं बंदूक साफ करायचं किट दिसतं: एक नळकांडं, आत ओळीने बसणाऱ्या वाट्या. वाट्यांना मधोमध भोक पाडलं की झाला सायलेन्सर, हे कुणालाही कळतं. सरकारलाही कळतं. आधी मंजुरी न घेता ते भोक पाडणं म्हणजे विनानोंदणीचा सायलेन्सर बनवणं, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. अशी किटं मागवणाऱ्यांच्या दारात अधिकारी आल्याची उदाहरणं आहेत. स्वस्त मिळतंय म्हणून डोकं चालवू नका.

कागद जुळत असतील तर पुढचा विचार कानांचा. हिराम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये सायलेन्सरचं पेटंट घेतलं. मशीनगनवाल्या मॅक्सिमचा हा मुलगा. त्यातली कल्पना तुमच्या बुलेट मोटरसायकलच्या सायलेन्सरमागे आहे तीच: गरम वायू एकदम बाहेर न सोडता आतल्या कप्प्यांतून फिरवून थंड करत सोडायचा. थ्री-ओ-एट रायफलचा बार साधारण १६५ ते १७० डेसिबलचा असतो. चांगला कॅन लावला की तो १३५ ते १४० च्या आसपास येतो. १४० च्या वरचा एकच बारसुद्धा कान कायमचे बिघडवू शकतो. म्हणजे सायलेन्सर तुम्हाला जेमतेम धोक्याच्या रेषेवर आणून ठेवतो. सिनेमातलं 'फुस्स' विसरा. गोळी आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने जाते, तिचा हवेतला कडाका कुठलाही कॅन दाबू शकत नाही. पूर्ण मोसमभर बार काढणार असाल तर कॅन असतानाही कानावर मफ हवेतच.

मग उपयोग काय? खूप आहे. मचाण इथे बहुतेकदा लाकडी किंवा प्लॅस्टिकची बंद खोली असते, त्याला ब्लाइंड म्हणतात. त्या खोक्यात उघड्या नळीने बार काढला की आवाज भिंतींवर आपटून परत कानातच येतो. २००९ मध्ये डुकरांचा कळप अचानक आला म्हणून मी मफ न लावता एक बार काढला. डुक्कर पळालं, आणि डाव्या कानातली शिट्टी अजून वाजते आहे, विशेषतः रात्री शांत झाल्यावर. कॅन असता तर ती बहुधा लागली नसती. शिवाय धक्का कमी बसतो, त्यामुळे नवशिक्याचा चाप ओढताना डोळे मिटायचा दोष जातो. बरोबर मूल बसणार असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही. डुकरांच्या बाबतीत आणखी एक: पहिल्या बारानंतर बाकीच्यांना आवाज नेमका कुठून आला ते पटकन उमगत नाही, म्हणून दुसरी संधी मिळते. टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने डुकरं मारायला २०१९ पासून परवानाही लागत नाही. पण व्हिसावर असाल तर वरचा परिच्छेद पुन्हा वाचा, तुम्हाला लागतोच.

रायफलीला आटे पाडलेले आहेत का ते बघा. थर्टी कॅलिबरच्या (थ्री-ओ-एटसारख्या, साधारण ०.३० इंची) नळीला बहुधा ५/८-२४ चे (५/८ इंच जाडी, इंचाला २४) आटे असतात. नसतील तर गनस्मिथकडून पाडून घ्यावे लागतात आणि इथे घाई करू नका. एका दुकानाने माझ्या जुन्या रायफलीचे आटे किंचित तिरके पाडले होते. डोळ्यांना काही कळलं नसतं. नळीतून सरळ गज घालून पाहिला तेव्हा तो कॅनच्या भोकाच्या एका कडेला चिकटलेला दिसला. तशीच गोळी सोडली असती तर आतले पडदे फाटले असते. असा गज थोडक्या पैशांत मिळतो, सायलेन्सरच्या आधी तो घ्या.

पहिला कॅन थर्टी कॅलिबरचाच घ्यावा. तो सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर, टू-फोर्टी-थ्री यांसारख्या बारीक गोळीच्या रायफलींवरही चालतो, फक्त आटे जुळले पाहिजेत किंवा योग्य माउंट हवा. उलटं मात्र कधीही नाही. वजन पाऊण-एक पौंड, लांबी सहा-सात इंच. चोवीस इंची नळीला तो लावलात की ब्लाइंडच्या खिडकीत दर वेळी आपटणार. कॅन लावल्यावर गोळी पूर्वीच्या ठिकाणी लागत नाही, म्हणून झिरो (दुर्बिणीचा नेम जुळवणं) पुन्हा करायचा आणि मग मोसमभर कॅन काढायचा नाही. किंमत ५०० ते १२०० डॉलर.

आता स्पष्ट बोलतो. एच-वन-बीवर असाल आणि ग्रीन कार्डची रांग लांब असेल तर घेऊ नका. कायदा परवानगी देतो हे मान्य, पण उद्या नोकरी बदलून न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला जावं लागलं तर? तिथे सायलेन्सर बाळगताच येत नाही. न्यूयॉर्क, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई इथेही नाही. आपले लोक नोकरीसाठी ज्या राज्यांत जातात त्यातली निम्मी या यादीत आहेत. विकायला काढलात तर घेणाऱ्याला तेच सगळे सोपस्कार, म्हणून जुन्या कॅनला किंमत येत नाही. कायमचं परत जायचं ठरलं तर सामानात तो नेण्याचा विचारही करू नका. निघायच्या कितीतरी आधी विक्रेत्यामार्फत रीतसर दुसऱ्याच्या नावावर करावा लागेल. तोपर्यंत चांगले इलेक्ट्रॉनिक मफ घ्या, त्यात बोलणं ऐकू येतं आणि बार कापला जातो. मफच्या आत फोमचे बोळे घाला.

ग्रीन कार्ड आहे, टेक्सासातच राहायचं आहे, लीज (शिकारीसाठी भाड्याने जमीन) घेतली आहे, वर्षाला चार-सहा वेळा रानात जाता, तर घ्या. दुसरी रायफल घेण्याआधी घ्या.

लानोजवळच्या आमच्या लीजवर नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही असतो. ज्यांना ठरवता येत नाही त्यांनी आदल्या आठवड्यात झिरो करायला या. माझ्या रायफलीवर, मी शेजारी उभा असताना, पाच बार कॅन लावून आणि पाच बार कॅन काढून मारून बघा. येताना परवाना बरोबर आणा, मफ स्वतःचे आणा. जेवणाचं आम्ही बघू.