वाबॅश नदीकाठच्या मेळ्यात तंबूत झोपायचंय? आधी खालचं ब्लँकेट बघा

सुरुवात खालच्या ब्लँकेटापासून करा. अंगावर घ्यायचं नंतर. गेल्या खेपेला मी सगळे पैसे अंगावरच्या एकाच देखण्या ब्लँकेटात घातले आणि खाली नुसतं मेणकापड अंथरलं. पहाटे दोनला शेकोटीपाशी जाऊन बसलो तो उजाडेपर्यंत तिथंच. वरून कितीही जाड पांघरा, थंडी जमिनीतून येते. खरेदीच्या या यादीत हे ब्लँकेट अधूनमधून पुन्हा येणार आहे, वैतागू नका.

पुढचं सगळं इंडियानातल्या लफाएटजवळच्या फोर्ट वीआटनॉनवर भरणाऱ्या, जुना काळ वठवून दाखवणाऱ्या मेळ्याला, म्हणजे ‘फीस्ट ऑफ द हंटर्स मून’ला तंबू ठोकून राहणाऱ्यांसाठी आहे. पर्ड्यू विद्यापीठामुळे आपली बरीच मंडळी त्या बाजूला असतात, आणि बघायला जाता जाता एखाद्याला त्या काळचे कपडे शिवून उतरायची हौस येतेच. मेळा १९६८ पासून भरतोय. तिथं दाखवायचा काळ फ्रेंचांचा: ठाणं १७१७ सालचं, आणि वातावरण साधारण अठराव्या शतकाच्या मध्याचं. हे साल पक्कं डोक्यात ठेवा, कारण ब्लँकेट बरोबर की चूक हे सालावर ठरतं. तिथून फार लांब नसलेल्या टिपकनूच्या लढाईचं साल १८११. म्हणजे मध्ये दोन पिढ्या गेल्या. तिथं शोभणारं ब्लँकेट इथं शोभेलच असं नाही. सहभागींसाठीची नियमावली आधी वाचा, मग पैसे काढा. उलट क्रमानं केलं की परत करण्याचा टपालखर्च बसतो.

तर काय घ्यायचं? पांढरं, म्हणजे न रंगवलेल्या लोकरीचं, साईच्या रंगाचं. दोन्ही टोकांना एकेक गडद निळा किंवा काळपट पट्टा असला तर सोन्याहून पिवळं. काहीच पट्टा नसला तरी चालतं, आणि स्वस्त हवं असेल तर बहुधा तसंच मिळेल. लोकर विणल्यावर कुटून-मळून दाट केलेली असावी आणि वर लव उठवलेली असावी, इतकी की वीण चटकन दिसू नये. दिव्यासमोर धरा. चाळणीसारखा उजेड आला तर परत ठेवा.

सगळ्यांना हवे असतात ते हिरवा, लाल, पिवळा आणि निळा असे चार पट्टे. फोटोत छान दिसतात, मान्य. पण हडसन्स बे या फरच्या व्यापारातल्या इंग्रज कंपनीनं पॉइंट ब्लँकेटं (पॉइंट म्हणजे काय ते पुढे येतंच) नियमित मागवायला सुरुवात केली तीच १७७९-८० च्या सुमारास, इंग्लंडमधल्या विटनीच्या टॉमस एम्प्सनकडून, आणि चार रंगांचे पट्टे आले ते त्या शतकाच्या अगदी शेवटी. १७५० च्या फ्रेंच ठाण्यावर ते गळ्यात मोबाइल अडकवून फिरल्यासारखं दिसतं. पॉइंट मात्र चालतात, कारण फ्रेंच व्यापाऱ्यांकडे पॉइंटवाली ब्लँकेटं त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पॉइंट म्हणजे काठाजवळ विणलेल्या बोटभर लांबीच्या निळ्या रेघा. अर्ध्या पॉइंटाची रेघ निम्मी. त्यावरून ब्लँकेटाचा आकार कळायचा, गठ्ठा उलगडावा लागत नसे. ‘जितक्या रेघा तितकी बीव्हरची कातडी ही किंमत’ हे तुम्हाला शेजारचा तंबूवाला हमखास सांगेल. ती दंतकथा आहे. मान डोलवा, पण मेळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगू नका.

आणखी एक गंमत. ही ब्लँकेटं मोजली जायची जोडीनं. विटनीत दोन सलग विणून मग कापत. एम्प्सनला दिलेली मागणीही जोड्यांतच होती. तेव्हा दोन घेणं ही चैन नाही. खालचं घ्या.

काय घ्यायचं नाही ते भराभर सांगतो. ऑलिव्ह रंगाची मिलिटरी ब्लँकेटं नकोत, मधोमध ‘यूएस’ छापलेली तर नकोतच. स्विस सैन्याची लाल पट्टा आणि पांढऱ्या क्रॉसची नकोत. पेंडल्टनसारखी भौमितिक नक्षीची नकोत, ती गिरणीच मुळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. मेक्सिकन रंगीबेरंगी नकोत. जाळीदार विणीची हॉस्पिटलछाप नकोत. फ्लीस तर बोलूच नका. आणि घरातली सोलापुरी चादर, कितीही जिव्हाळ्याची असली तरी, सुती आहे आणि तिच्यावर मोर आहेत. घरीच राहू दे.

आता पैसे. नवीन अस्सल पॉइंट ब्लँकेटाला कित्येकशे डॉलर पडतात. रीएनॅक्टमेंटचं, म्हणजे जुना काळ वठवायचं सामान विकणारे लोक जी नक्कल विकतात ती त्याहून स्वस्त, पण दोन घ्यायची म्हटली की खिसा बोंबलतो. आपली दुकानं म्हणजे गुडविलसारखी जुन्या मालाची, गावाकडची इस्टेट सेल (घरातलं सगळं सामान विकायला काढतात ती), चर्चचा बाजार. तिथं विसाव्या शतकात घराघरात वापरलेली साईच्या रंगाची साधी लोकरी ब्लँकेटं मिळतात, पलंगावरची, काठाला सॅटिनची पट्टी लावलेली. हीच घ्यायची. ती पट्टी उसवून टाका. आत चांगली कुटलेली लोकर असेल तर कापलेली कडही उसवत नाही, तशीच सोडा. सुटत असेल तर लोकरीच्या धाग्यानं हातानं तिरके टाके घाला. मशीनचं ओव्हरलॉक दिसलं की तेही काढा; अंतरावरून कापड कुणी ओळखत नाही, पण ओव्हरलॉकची कड जाणकाराला दहा फुटांवरून दिसते. गुलाबी किंवा आकाशी रंगाचे फिकट पट्टे असलेली स्वस्त असतात, ती खालच्या कामाला ठेवा. हो, खालच्या.

लेबल वाचा. अमेरिकेत लोकरीच्या मालावर तंतूंचं प्रमाण लिहिण्याचा कायदा १९३९ चा आहे, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक मालावर ते सापडतं. शंभर टक्के लोकर हवी. ‘रीप्रोसेस्ड’ लिहिलं असेल तर ती चिंध्या पिंजून काढलेली लोकर; ऊब देते, पण झडते आणि लवकर विरते. ती अंगावर नको, खाली चालेल. लेबल नसेल तर काठातला एखादा धागा मागून घ्या आणि बाहेर जाऊन जाळून बघा. लोकर असेल तर जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख चिमटीत भुरभुरते. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. हा शुद्धतेचा सोवळेपणा नाही. शेकोटीची ठिणगी उडाली तर लोकर धुमसून विझते, प्लॅस्टिक वितळून कातडीला चिकटतं. विकणाऱ्यासमोर धागा जाळू नका, एवढं सांगायची वेळ येऊ नये पण येते. जुन्या हडसन्स बे ब्लँकेटावर शिवलेलं लेबल असेल तर कात्री लावण्याआधी थांबा. अठराव्या शतकात ते नव्हतं हे खरं, पण संग्राहक त्या लेबलाचेच पैसे देतात. विकून दोन साधी घ्या. एक वर, एक खाली.

माप आणि वजन. घडीवर जाऊ नका, घरून टेप न्या. अंगाभोवती गुंडाळून पाय झाकले जातील इतकं हवं. ७२ बाय ९० इंच मिळालं तर उत्तम, ६० बाय ८० च्या खाली जाऊ नका. उंच माणसांनी दुकानातच जमिनीवर पसरून बघावं, लाजू नये. वजन चार पौंडांच्या आत असेल तर ते सजावटीचं समजा. मोठं पण विरळ मिळालं तर गरम पाण्यात मुद्दाम धुऊन आटवता येतं, दाट होतं. पण किती आटेल याचा भरवसा नसतो. म्हणून आधी मापाला भरपूर मोठं असेल तरच हा उद्योग करा. आणि वरच्या ब्लँकेटावर करू नका, खालच्यावर करा. खालचं जितकं दाट तितकं बरं, कारण अंगाखाली दबलेल्या लोकरीतली हवा निघून जाते आणि ऊब देते ती हवाच.

खालचं, आता नीट. सगळ्यात खाली मेणकापड, ओल थांबवायला. ते थंडी थांबवत नाही, हे मी किती वेळा लिहू? त्यावर गवत: मेळ्यात पेंढा मिळत असेल तर भरपूर, हातभर जाडीचा, रात्री दबून निम्मा होईल असा. त्यावर खालचं ब्लँकेट, दुहेरी घडी घालून. मग तुम्ही. मग वरचं. पेंढा खोळीत भरला तर आत आधुनिक फोमची चटई लपवता येते. नियम विचारून घ्या, दिसत नसेल तर बरेच जण सोडून देतात. आणि कुणाकडे गावाकडून आणलेलं घोंगडं असेल तर ते इथं कामाला येतं. दख्खनी मेंढीची काळी राठ लोकर, वर चिंचोक्याची खळ. इंडियानातल्या फ्रेंच ठाण्यावर अंगावर घेऊन मिरवाल तर उगाच प्रश्न येतील, पण मेणकापडावर, पांढऱ्या ब्लँकेटाखाली झाकून अंथरलं तर त्याच्याइतकं दणकट काही नाही. फक्त भिजू देऊ नका, खळ ओली झाली की वास मारते. लाकडाची खाट असेल तरी खालचं हवंच, वारा खालूनही येतो.

दिवसा वरचं ब्लँकेट खांद्यावरून घेऊन पट्ट्यानं बांधायची पद्धत तिथल्या मूळ अमेरिकी राष्ट्रांची आणि व्यापाऱ्यांचीही. ऊब मिळते, छानही दिसतं. फक्त आपण कोण म्हणून उभे आहोत हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. ‘इंडियन’ म्हटल्यावर होणारा गोंधळ तर आपल्या वाट्याला येणारच. मायामी, वीया, किकापू या मूळ राष्ट्रांतल्या लोकांचे वंशज मेळ्यात येतात. त्यांचा वेश आपण हौसेखातर चढवू नये, असं माझं मत आहे. व्यापाऱ्याचा नोकर व्हा, नावाडी व्हा.

आणि ब्लँकेट पाहिलं की पाहुणे देवीच्या साथीबद्दल विचारतात. उत्तर तयार ठेवा. १७६३ च्या जूनमध्ये, ज्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वीआटनॉनचं ठाणं (फ्रेंचांनंतर ते इंग्रजांकडे होतं) इंग्रजांच्या हातून गेलं, त्याच महिन्यात २४ तारखेला फोर्ट पिट या इंग्रजांच्या किल्ल्यावर डेलावेअर या मूळ लोकांच्या दूतांना देवीच्या रुग्णालयातली दोन ब्लँकेटं आणि एक रुमाल देण्यात आला. तिथल्या विल्यम ट्रेंट या व्यापाऱ्याच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. इंग्रज सरसेनापती ॲमहर्स्टनं कर्नल बुके याला अशाच ब्लँकेटांबद्दल लिहिलेली पत्रं जुलैमधली, म्हणजे नंतरची. त्या ब्लँकेटांमुळेच साथ पसरली की ती आधीपासूनच होती, यावर वाद आहे, हेतूवर नाही. हे थट्टेनं सांगायचं नसतं.

बाकीचं आटोपतं घेतो. जुनं ब्लँकेट घरात आणण्याआधी पिशवीत बंद करून उणे १८ अंश सेल्सिअसवर दोन आठवडे ठेवा, कसर मरते. मग उन्हात झटका. धुवायचं तर गार पाण्यात, पिळायचं नाही. भोकं लोकरीच्या धाग्यानं रफू करा, रफू जुन्या काळीही करतच. डांबरगोळ्यांचा वास तंबूत नको, आठवडाभर आधी हवेवर टाका. नेताना गुंडाळून दोरीनं बांधा, प्लॅस्टिकची पिशवी गाडीतच. सकाळी दोन्ही ब्लँकेटं झटकून दोरीवर, खालचं आधी, त्यात ओल जास्त असते. घरी आल्यावर पूर्ण वाळल्याशिवाय घडी नाही. खरेदी एप्रिल-मेमध्ये करा, थंडी सरली की लोक घरं आवरतात आणि ब्लँकेटं दुकानात येतात. सप्टेंबरात गेलात तर तुमच्यासारखेच दहा जण तिथं उभे असतील.