पाणी अंगावर, मेण डबीत: सोलापूरच्या हवेत टिकणारं घरगुती क्रीम

सोलापुरात कातडीला दोन ऋतूंचा मार बसतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला कोरड्या थंडीनं टाचा फुटतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर गेला की ओठ आणि हाताची मागची बाजू तडतडते. थंडीत केलेलं क्रीम मे महिन्यात डबीत तेलासारखं हलतं, म्हणून इथं एकच माप बाराही महिने चालत नाही.

या क्रीममध्ये पाणी नाही. कोरफडीचा गर किंवा गुलाबपाणी घालायचा मोह होतो, पण तेल-मेणात पाणी आपणहून मिसळत नाही. त्याला बांधून ठेवणारा घटक लागतो. तो घातला तरी पाणी आलं की बुरशी आणि जंतू येतात, आणि त्यांच्यासाठी प्रिझर्वेटिव्ह घालावं लागतं. त्यापेक्षा पाणी कातडीवरच असू द्यावं आणि क्रीमनं त्यावर झाकण घालावं. अंघोळ झाली की टर्किश टॉवेलनं खसाखसा न पुसता नुसतं टिपून घ्या आणि अंग दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांत, क्रीम लावा. कोरड्या अंगावर हेच क्रीम लावलं तर नुसतं चिकट वाटतं.

साहित्य (साधारण १०० ग्रॅम)

थंडीसाठी करडईचं तेल ७० ग्रॅम, कोकम तेल २० ग्रॅम, मधमाशीचं मेण १० ग्रॅम. उन्हाळ्यासाठी करडई ६२, कोकम २० आणि मेण १८. दोन्हींत ४०० मिलिग्रॅमच्या व्हिटॅमिन ई कॅप्सूल २. वास हवाच असेल तर लव्हेंडरच्या तेलाचे जास्तीत जास्त १० थेंब. लहान मुलांसाठी तेही नकोत. मापं चमच्यानं न घेता वजनकाट्यावर घ्या. किसलेल्या मेणाचा चमचा कधी सैल भरतो, कधी दाबून, आणि इथं ४-५ ग्रॅमचा फरक म्हणजे वेगळंच क्रीम.

करडई आपल्या भागातलीच. ज्वारीच्या रानाच्या कडेनं ती पेरायचे, म्हणजे काट्यांमुळे गुरं आत शिरत नसत. तिच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं, म्हणून ते अंगावर हलकं बसतं. पण त्यामुळेच ते लवकर खवट होतं. घाण्यावरून ताजं तेल आणा, दोन दिवस निवळू द्या आणि वरचं स्वच्छ तेल मलमलीच्या कापडातून गाळून घ्या. तळाचा गाळ क्रीममध्ये गेला तर वास लवकर बिघडतो. भाजीच्या फोडणीसाठी महिनाभर उघडी राहिलेली बाटली यासाठी वापरू नका.

कोकम तेल म्हणजे कोकणातलं मुठेल, भेगांवर पिढ्यान्‌पिढ्या लावलं जाणारं. खोबरेल २४-२५ अंशांलाच पातळ होतं. मुठेल वितळायला ३८ अंशांच्या वर जावं लागतं, म्हणून उन्हाळ्यात त्याचा आधार वाटतो. मेण घेताना तुकडा चिमटीत धरून चोळून पाहा. मधमाशीचं मेण उबेनं मऊ पडतं आणि त्याला मधाचा वास येतो. मेणबत्तीचं मेण गुळगुळीत, निसरडं लागतं.

कृती

१. काचेच्या रुंद तोंडाच्या डब्या, झाकणं, चमचे धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. झाकणाच्या आट्यात राहिलेला एक थेंबही पुढे त्रास देतो.

२. पातेल्यात दोन बोटं पाणी उकळत ठेवा. तळाशी घडी घातलेलं फडकं टाका, म्हणजे आतलं भांडं खडखडत नाही. त्यात स्टीलचं छोटं, कोरडं भांडं ठेवून मेण आणि निम्मं करडई तेल घाला. थेट गॅसवर ठेवू नका, तेल करपतं. झाकणही ठेवू नका, वाफेचं पाणी आत ठिबकतं.

३. मेण ६२-६४ अंशांला वितळतं. किसलेलं असेल तर दहा-बारा मिनिटं पुरतात. शेवटचा कण दिसेनासा झाला की कोकम तेल घाला आणि ते विरघळताच भांडं बाहेर काढा.

४. उरलेलं करडई तेल बारीक धारेनं, ढवळत घाला. एकदम ओतलं तर गार तेलानं मेणाच्या गाठी होतात. झाल्याच तर भांडं मिनिटभर परत गरम पाण्यात धरा.

५. आता परीक्षा. फ्रीजमधल्या गार ताटलीवर अर्धा चमचा मिश्रण टाका, दोन मिनिटांनी बोट फिरवा. बोट ओढलं जात असेल तर ५ ग्रॅम तेल वाढवा. ओघळत असेल तर २ ग्रॅम मेण घालून पुन्हा वितळवा. ही पायरी गाळू नका.

६. भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा. पाण्याची पातळी मिश्रणाच्या खालीच असू द्या. कडेनं पांढुरका थर धरायला लागला की तो खरवडून मध्ये आणा आणि रवीनं किंवा हँड ब्लेंडरनं घुसळा. कोमट झाल्यावर कॅप्सूल टोचून आतलं तेल पिळा, लव्हेंडरही याच वेळी घाला. थिजलेल्या तुपापेक्षा थोडं सैल झालं की लगेच डब्यांत भरा. पूर्ण गार होईपर्यंत झाकण लावू नका, नाहीतर आत दव धरतं.

बिघडतं कुठं

क्रीम रवाळ झालं तर ते सावकाश थंड झालंय. कोकम तेलाला दाणे धरायची सवय असते, म्हणून तर गार पाणी आणि घुसळणं. पुन्हा वितळवून झटकन थंड केलं की सुधारतं. वर तेल सुटलं तर मेण कमी पडलंय. लावल्यावर हात चिकट राहत असतील तर मेण जास्त, किंवा तुम्ही मटारच्या दाण्याऐवजी लिंबाएवढं घेतलंय. जुन्या शेंगदाण्यासारखा वास यायला लागला की टाकून द्या. व्हिटॅमिन ई तेलाचं खवटपण लांबवतं, बुरशी थांबवत नाही, त्यामुळे ओलं बोट डबीत घालायचं नाही. अंधाऱ्या, गार जागी दोन-तीन महिने टिकतं; उन्हाळ्यात फ्रीजच्या दारात ठेवा आणि ५० ग्रॅमच करा.

पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस वाट पाहा. मधाची, मेणाची किंवा शेवंतीवर्गातल्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी विशेष जपावं. करडई त्याच कुळातली. तेलकट, पुटकुळ्यांच्या चेहऱ्याला हे जड पडतं. रक्त येणाऱ्या भेगांवर लावू नका, आणि मधुमेह असेल तर टाचेची भेग आधी डॉक्टरांना दाखवा. लिंबाचा रस चुकूनही घालू नका, तो लावून उन्हात गेलं की कातडी भाजून काळी पडते. हळदीनं कातडीला काय होईल ते होईल, चादरीचं मात्र वाटोळं. आणि हे सनस्क्रीन नव्हे. उन्हासाठी टोपी-उपरणं वेगळं.

भांडी गरम असतानाच जुन्या वर्तमानपत्रानं पुसून घ्या, मग साबण. मेण लागलेलं गरम पाणी मोरीत ओतलं तर ते पाइपात थिजून बसतं. मेणासाठी किसणीही वेगळी ठेवा, पुढच्या वेळी खोबरं किसताना मधाचा वास येतो.