संग्रहासाठीची नवी नाणी: गुंतवणूक म्हणून घेण्याआधी हिशेब कसा करावा

मखमली डबी, क्रमांक घातलेले प्रमाणपत्र, ‘मर्यादित आवृत्ती’ असा शिक्का. असे नाणे हातात घेतले की ते पुढे नक्की महाग होणार असे वाटू लागते. माझे मत सुरुवातीलाच सांगते: टांकसाळींनी खास संग्राहकांसाठी पाडलेली बहुतेक नवी नाणी विकायला गेल्यावर तोटा देतात. सगळीच नाही, म्हणून प्रत्येक नाणे पुढील क्रमाने तपासा.

१. धातूची किंमत वेगळी काढा

वजनाला शुद्धतेने गुणा. २८.२८ ग्रॅमचे, ९२५ शुद्धतेचे (म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी) नाणे घेतले तर त्यात शुद्ध चांदी २६.१६ ग्रॅमच असते. तिला त्या दिवसाच्या भावाने गुणले की जी रक्कम येते तेवढाच खरा आधार. वरचे सगळे पैसे घडणावळ, डबी, जाहिरात आणि विक्रेत्याचा नफा यांचे. मागितलेल्या किमतीत धातू निम्म्याहून कमी असेल, तर नुसता भाव वाढण्याची वाट पाहून पैसे वसूल व्हायला चांदी दुपटीहून जास्त चढावी लागेल.

तुम्हाला सोने-चांदीच साठवायची असेल तर संग्राहकांच्या नाण्यांकडे वळूच नका. दक्षिण आफ्रिकेचे १९६७ पासून निघणारे क्रुगररँड किंवा कॅनडाचे १९७९ पासूनचे मेपल लीफ यांसारखी बुलियन नाणी, म्हणजे मुख्यतः धातूसाठीच पाडलेली नाणी, धातूच्या भावाच्या जवळपास मिळतात आणि विकलीही जातात.

२. संख्या आणि मागणी यांची गल्लत करू नका

इथे सर्वात जास्त लोक फसतात. ‘फक्त पाच हजार नाणी’ हे ऐकायला दुर्मिळ वाटते, पण ते नाणे हवे असणारे दोन हजारच असतील तर तीन हजार नाणी गिऱ्हाईक शोधत फिरतात. शिवाय घेणारा प्रत्येक जण ते जपूनच ठेवतो. जुनी नाणी झिजली, हरवली, वितळवली गेली, म्हणून उरलेल्यांना किंमत आली. नव्या नाण्यांच्या बाबतीत तसे होत नाही.

महाग झालेली काही नवी नाणी पाहा. १९९५ चे ‘डब्ल्यू’ खुणेचे (वेस्ट पॉइंट टांकसाळीचे) सिल्व्हर ईगल हे अमेरिकी चांदीचे नाणे फक्त ३०,१२५ निघाले. ते सुटे मिळत नव्हते, सोन्याच्या चार नाण्यांसोबत संचातच घ्यावे लागे, म्हणून अनेकांनी ते सोडले. पण सिल्व्हर ईगलची मालिका दरवर्षी जमवणारे असंख्य आहेत आणि त्या सगळ्यांना ती एक जागा भरायची असते. ब्रिटनचे २००९ चे क्यू गार्डन्स या लंडनच्या वनस्पती उद्यानाचे ५० पेन्स नाणे २,१०,००० पाडले गेले आणि साध्या चलनात आले, तेव्हा फारसे कुणी लक्ष दिले नाही. मोनॅकोचे २००७ चे ग्रेस केली (अभिनेत्री आणि मोनॅकोच्या राजाची पत्नी) यांच्यावरचे २ युरोचे नाणे २०,००१ नगांचे. तेही २ युरो जमवणाऱ्यांच्या मोठ्या मालिकेतले. तिन्हींच्या मागे आधीपासून मोठा संग्राहकवर्ग उभा होता. एखाद्या प्रसंगासाठी सुटे काढलेले नाणे त्या प्रसंगाबरोबर विसरले जाते.

३. मागितलेली नव्हे, मिळालेली किंमत पाहा

त्याच टांकसाळीची पाच-दहा वर्षांपूर्वीची तशीच नाणी लिलावांत *प्रत्यक्ष* कितीला गेली ते शोधा. विक्रेत्यांच्या यादीतला आकडा ही केवळ त्यांची अपेक्षा असते. लिलावात मिळालेल्या रकमेतून कमिशन वजा करायला विसरू नका.

४. ‘७०’ आकड्याला भुलू नका

पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या नाणी तपासणाऱ्या संस्था नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० गुण देऊन बंद डबीत सील करतात. जुन्या नाण्यांना हे फार उपयोगी. आजच्या यंत्रांतून बाहेर पडणारी नाणी मात्र ६९ किंवा ७० सहज मिळवतात, त्यामुळे एका गुणासाठी दुप्पट पैसे मोजणे मला पटत नाही.

५. जपणूक

कधीही पुसू नका, घासू नका. कडेने धरा. पीव्हीसी प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मूळ डबी, कागद जपून ठेवा.

६. विकून पाहा

नवे नाणे घेण्यापूर्वी घरातले एखादे तसेच नाणे दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा आणि ‘आज कितीला घ्याल?’ एवढेच विचारा. सांगितलेला भाव खरेदीच्या पावतीशेजारी लिहून ठेवा. पुढचे नाणे घेताना तो कागद सोबत न्या.