प्लॅन २००चा, मोबाइलवर २२: राउटरच्या सेटिंग कशा तपासाव्यात

ठाण्याला मामांकडे २०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली की आकडा यायचा २२. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याने स्वतःच्या लॅपटॉपला वायर जोडली, १९५ दाखवले आणि ‘आमच्याकडून ओके आहे’ म्हणून निघून गेला. मामा भडकले, पण तो खोटं बोलत नव्हता. लाइन चांगली होती, घोडं अडलं होतं राउटरच्या सेटिंगमध्ये.

म्हणून पहिलं काम तेच करा. लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड मोजा. मग राउटरच्याच खोलीत वायफायवर मोजा. वायरवरही कमी येत असेल तर आधी प्लॅनचा डेटा संपून स्पीड उतरलाय का ते बघा. आकडा नेमका ९४-९५वर अडत असेल तर केबलवर संशय घ्या. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १००च्या पुढे जायला चारही लागतात, एक तुटली तरी जोडणी १००वर येऊ शकते. राउटरचं पोर्टच १००चं असेल तर मात्र इलाज नाही. आणि फाइल उतरताना दिसतात ते मेगाबाइट, प्लॅनमध्ये लिहितात ते मेगाबिट. १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मिळाले की हिशोब चुकता.

वायरवर पूर्ण आणि वायफायवर निम्म्याहून कमी, असं असेल तर राउटरमध्ये शिरा. त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाइप करा. युजरनेम-पासवर्डही बरेचदा तिथेच छापलेला असतो. काही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. ‘वॅन’ नावाच्या पानाला हात लावू नका आणि टाचणीने दाबायचं रीसेट बटण तर मुळीच दाबू नका. इंटरनेटचं युजरनेम तिथे भरलेलं असेल तर ते पुसलं जातं आणि मग कस्टमर केअरचं संगीत ऐकत बसावं लागतं.

आता बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचे पट्टे. बहुतेक राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्हींवर एकाच नावाने वायफाय देतात आणि फोन कधीकधी २.४लाच चिकटून बसतो. ‘स्मार्ट कनेक्ट’ किंवा ‘बँड स्टीअरिंग’ बंद करून दोघांना वेगळी नावं द्या. टीव्ही, लॅपटॉप, फोन ५वर टाका. ५चा सिग्नल भिंतींपुढे लवकर हार मानतो, म्हणून लांबच्या खोलीसाठी २.४ राहू द्या.

२.४वर सोसायटीतल्या प्रत्येक फ्लॅटच्या राउटरची गर्दी असते. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वायफाय अॅनालायझरचं एखादं अॅप टाका आणि तिघांपैकी ज्यावर गर्दी कमी तो निवडा. ‘मधला रिकामा दिसतोय’ म्हणून ३ किंवा ४ घेऊ नका, दोन्हीकडचा गोंगाट पदरी पडतो. चॅनेलची रुंदी २.४वर २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४०च्या मोहात पडू नका. ५वर ८० चालते.

मामांकडचा खरा गुन्हेगार निघाला सिक्युरिटीच्या पानावर. तिथे ‘टीकेआयपी’ निवडलेलं होतं. हे जुनं कुलूप आहे. २००९मध्ये आलेल्या वायफाय प्रमाणाचे वेग या कुलुपासोबत वापरायला परवानगीच नाही, त्यामुळे राउटर मुकाट ५४ एमबीपीएसच्या जुन्या चालीवर येतो आणि त्यातले हाती लागतात वीस-पंचवीस. जुन्या ‘वेप’चंही तेच. इथे ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘एईएस’ निवडा. ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ‘डब्ल्यूपीए२’ आणि ‘डब्ल्यूपीए३’चं मिश्रण चालेल. टीकेआयपी आणि एईएस एकत्र असलेला पर्याय टाळा. शेजारीच ‘डब्ल्यूएमएम’ दिसेल, ते चालूच हवं. ते बंद केलं तरी असाच ५४चा फटका बसतो. वायफायचा मोड फक्त ‘बी/जी’वर नाही ना, तेही बघा.

राहिलं ‘क्यूओएस’, म्हणजे कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवणारी सेटिंग. पूर्वी ५०चा प्लॅन असताना तिथे कोणी ५० लिहून ठेवलं असेल तर आज ३००चा प्लॅन घेऊनही ५०च मिळतील. आकडा बरोबर असला तरी स्वस्त राउटरचा प्रोसेसर या छाननीत दमतो, त्यामुळे गरज नसेल तर बंदच करा. डीएनएस बदलून डाउनलोड वेगाने होतं, हा सल्ला सोडून द्या. डीएनएस फक्त नावावरून पत्ता शोधून देतो.

प्रत्येक वेळी एकच सेटिंग बदला, सेव्ह करा, राउटर परत चालू होऊ द्या आणि त्याच जागेवरून पुन्हा मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं, काही कळत नाही.

एईएस केल्यावर मामांच्या हॉलमध्ये ५वर १८० आले, मामींच्या स्वयंपाकघरात २.४वर ६०. मग मामांनी विचारलं, ‘ते टीकेआयपी टाकलं कोणी होतं?’ मीच, २०१६ साली, त्यांचा जुना प्रिंटर जोडला जात नव्हता म्हणून. प्रिंटर आता पुन्हा जोडला जात नाही. त्याला यूएसबीची वायर लावून दिली आहे.