रेटिना पोस्टिंगला निघालात? आधी सलाईनचं विचारा

ज्युनियर विचारतात, एंडॉफ्थॅल्मायटिससाठी, म्हणजे डोळ्याच्या आतल्या जंतुसंसर्गासाठी, काय वाचू? मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा तुम्हाला येतोच. ईव्हीएस (एंडॉफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टमी स्टडी) तोंडपाठ असते: नुसता उजेड कळत असेल तर व्हिट्रेक्टमी (डोळ्यातला जेल, म्हणजे व्हिट्रियस, काढणं), हात हललेला दिसत असेल तर टॅप (सुईनं सॅम्पल घेणं) आणि डोळ्यात इंजेक्शन. पण 1995 चा तो अभ्यास ऑपरेशननंतरच्या डोळ्यांचा. जंतू रक्तातून डोळ्यात उतरला असेल, तर तो नियम तिथे लावू नका.

2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर असे पेशंट यायला लागले. सगळ्यांचं लक्ष म्युकरकडे (काळ्या बुरशीकडे). हा पेशंट डिस्चार्जनंतर काही आठवड्यांनी गुपचूप यायचा. दुखणं बेताचं, 'धुरकट दिसतंय' एवढीच तक्रार, आत व्हिट्रियसमध्ये कापसासारखे पांढरे गोळे. विषाणूच डोळ्यात शिरला, असं पेशंटच काय, काही डॉक्टरही म्हणत. आत बहुतेकदा निघायची बुरशी, कॅंडिडा नाहीतर अ‍ॅस्परजिलस. तिला वाट करून दिली ती स्टिरॉइडनी, चढलेल्या साखरेनं, आयसीयूतल्या सेंट्रल लाइननं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीनं).

आता खरी गोम. कोविड झालेला असला की बुरशी आपोआप सुचते. नसला की केसपेपरवर 'यूव्हिआयटिस' (डोळ्याच्या आतली सूज) लिहून आपण मोकळे.

एक मावशी आल्या होत्या. अ‍ॅडमिट होता का? नाही. ऑपरेशन? नाही. कोविड? नाही. शुगर नॉर्मल. हिस्ट्री एकदम कोरी. शेजारी उभ्या सिस्टरनी सहज विचारलं, "मावशी, सलाईन लावलं होतं का?" "लावलं की! अंगात त्राणच नव्हतं." गावाकडे सलाईन हा उपचार नसतोच, ती ताकद असते, म्हणून 'अ‍ॅडमिट होता का'च्या उत्तरात ती येतच नाही. दूषित सलाईनमधून धडधाकट माणसाच्या डोळ्यात बुरशी गेल्याच्या केसेस आपल्या देशातूनच नोंदल्या गेल्यात. तेव्हा सुटं सुटं विचारा. सलाईन कुठे, कधी लावलं? कंबरदुखीसाठी कुणी पुड्या दिल्या का? (त्यात स्टिरॉइड असतं, नाव नसतं.) लघवीला जळजळ, पायाला जखम, थंडी वाजून ताप? मधुमेही माणसाला ताप आणि डोळा एकत्र असेल तर पोटाची सोनोग्राफी करा. लिव्हरमध्ये क्लेबसिएला जंतूचा गळू सापडू शकतो, तिथूनच जंतू डोळ्यात येतो. पेशंट नाही म्हणाला तरी सोबतच्या सुनेला पुन्हा विचारा. हे सगळं विषाणूजन्य ताप येऊन गेलेल्यालाही आणि न आलेल्यालाही.

'चार दिवस स्टिरॉइड देऊन बघू' म्हणणारा सिनियर प्रत्येक युनिटमध्ये असतो. त्याचं ऐकू नका. स्टिरॉइडनं बुरशीचा डोळाही आधी जरा निवळतो आणि मग पार हातचा जातो. क्वेश्चन बँकवाल्या अ‍ॅपमधून हे शिकता येत नाही. मायक्रोबायोलॉजीच्या टेक्निशियनशी दोस्ती करा, ती कुठल्याही नोट्सपेक्षा कामाची.

घाबरूनही जाऊ नका. प्रत्येक गढूळ व्हिट्रियस म्हणजे हा आजार नव्हे, आणि वेळेत सापडलेला डोळा वाचतो. एचआयव्ही असेल तर मात्र डायलेट करून (थेंबांनी बाहुली मोठी करून) रेटिनाच्या कडेपर्यंत बघा. व्हायरल रेटिनायटिस (रेटिनाचा विषाणूसंसर्ग) वेगळा, त्याला अँटीव्हायरल लागतं.

आता डोळ्यात द्यायची इंजेक्शनं: जंतूंसाठी व्हॅन्कोमायसिन 1 मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम 2.25 मिलिग्रॅम, दोन्ही 0.1 मिलीत, सिरिंज वेगवेगळ्या, एकत्र केलीत तर साका बसतो. बुरशीचा संशय असेल तर व्होरिकोनाझोल 100 मायक्रोग्रॅम. आधी सॅम्पल, मग औषध. सॅम्पल वॉर्डबॉयकडे देऊ नका, स्वतः लॅबमध्ये न्या, केओएच (बुरशी दाखवणारी स्लाइड) तिथेच उभं राहून बघा, आणि सॅबुरोची प्लेट (बुरशी वाढवायची) दोन आठवडे ठेवायला सांगा, नाहीतर दोन-तीन दिवसांत 'नो ग्रोथ'चा रिपोर्ट हातात येतो आणि युनिटमध्ये पुन्हा स्टिरॉइडची चर्चा सुरू होते.