टच स्लायडर उड्या मारतोय? थ्रेशोल्डला हात लावण्याआधी या चुका टाळा

टच स्लायडर म्हणजे ओळीने बसवलेले पॅड, बोट कुठे आहे ते आकड्यात सांगणारे. त्यावर बोट सरकवलं की आकडा मधेच उडी मारतो, टोकापर्यंत नेलं तरी शून्य काही येत नाही, किंवा बोट पॅडवरच असताना चिप म्हणते उचललं. असं झालं की बहुतेक जण काय करतात तर थ्रेशोल्ड, म्हणजे आकडा किती बदलला की टच धरायचा ती मर्यादा, १२ चा ८ करतात, ८ चा ६ करतात, मग हात न लावताच टच यायला लागतात म्हणून परत १०, आणि हे चक्र चालूच राहतं. थ्रेशोल्ड ही सगळ्यात शेवटी ठरवायची गोष्ट आहे राव. आधी कच्चा डेटा आणि बेसलाइन (बोट नसतानाचा आकडा) सिरियल प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आलेखात, डोळ्यांनी बघा, निम्मे प्रॉब्लेम तिथेच दिसतात.

उदाहरणाला एमपीआर१२१ ही टच ओळखणारी चिप घेतो, कारण हौशी लोकांकडे बहुतेक हीच चिप असते. १२ इलेक्ट्रोड (पॅड जोडायच्या पिना), आयटूसी (दोन तारांवरून चिपशी बोलायची पद्धत), आणि सप्लाय ३.६ व्होल्टच्या वर चालत नाही, म्हणजे चिप थेट ५ व्होल्टला जोडू नका. आणखी एक, ही चिप स्लायडरची पोझिशन स्वतःहून देत नाही. ती प्रत्येक पॅडचा आकडा देते, पोझिशन आपल्या कोडने काढायची.

चालू चिपमध्ये सेटिंग लिहिणं

ही चूक इतकी कॉमन आहे की सगळ्यात आधी हीच तपासा. एमपीआर१२१ मध्ये जवळजवळ सगळे कॉन्फिगरेशन रजिस्टर (सेटिंग ठेवायचे आतले कप्पे) फक्त स्टॉप मोडमध्येच, म्हणजे मोजणं थांबवलेलं असतानाच, बदलता येतात. चिप रन मोडमध्ये असताना तुम्ही थ्रेशोल्ड लिहिला तर आयटूसीवर ॲक्नॉलेज (पोचपावती) येतो, कोडला वाटतं झालं काम, आणि आत जुनीच व्हॅल्यू बसलेली असते. लोक तासभर थ्रेशोल्ड बदलत बसतात आणि फरक का पडत नाही म्हणून डोकं धरतात, तर तो लिहिलाच गेलेला नसतो.

क्रम असा ठेवा: रजिस्टर हेक्स ८० (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचा आकडा) वर हेक्स ६३ लिहून सॉफ्ट रीसेट, मग हेक्स ५ई वर शून्य म्हणजे स्टॉप, मग बाकी सगळं, आणि ५ई परत सगळ्यात शेवटी. पाच पॅडचा स्लायडर असेल तर शेवटची व्हॅल्यू हेक्स ८५, यातला ५ म्हणजे पहिले पाच इलेक्ट्रोड चालू. इलेक्ट्रोड शून्यापासून सलगच चालू होतात, त्यामुळे स्लायडर ७ ते ११ नंबरच्या पिनांना जोडला असेल आणि ८५ लिहिलंत तर तो मेलेलाच राहणार. लिहून झालं की तेच रजिस्टर परत वाचून बघा, दोन ओळींचा कोड आहे, आळस करू नका. वाचताना रिपीटेड स्टार्ट (आयटूसीचं बोलणं न तोडता परत सुरू करणं) लागतो हेही लक्षात ठेवा, मधे आयटूसीचा स्टॉप सिग्नल गेला तर भलतंच काहीतरी हाती येतं.

दुसऱ्याच्या व्होल्टेजचे ऑटोकॉन्फिग आकडे

ऑटोकॉन्फिग चालू केलं की चिप प्रत्येक पॅडसाठी चार्ज करंट आणि वेळ स्वतः ठरवते, पण कुठपर्यंत चार्ज करायचं ते तुम्हाला सांगावं लागतं. वरची मर्यादा म्हणजे सप्लायमधून ०.७ वजा करा, सप्लायने भागा, २५६ ने गुणा. टार्गेट त्याच्या ९० टक्के, खालची मर्यादा ६५ टक्के. ३.३ व्होल्टला हे येतात साधारण २०१, १८१ आणि १३१. १.८ व्होल्टला वरची मर्यादा १५६ च्या आसपास येते. म्हणजे ३.३ वाल्याचा कोड कॉपी करून १.८ च्या बोर्डवर टाकलात तर चिप झेपणार नाही अशा पातळीमागे धावते आणि रीडिंग सरळ राहत नाही. रजिस्टर हेक्स ०३ मधले वरचे दोन बिट ऑटोकॉन्फिग फेल झालं का ते सांगतात, ते वाचणारा कोड फार कमी ठिकाणी दिसतो, का कोण जाणे.

बेसलाइनचं गणित

फिल्टर केलेला डेटा १० बिटचा आणि बेसलाइन रजिस्टर ८ बिटचं, म्हणून वजाबाकी करायच्या आधी बेसलाइनला ४ ने गुणायचं. वर आणि या चिपमध्ये बोट लावलं की आकडा खाली जातो, वर नाही, दुसऱ्या काही चिपमध्ये उलटं असतं त्यामुळे तिथला कोड आणलात तर चिन्ह तपासा. समजा बेसलाइन रजिस्टर १७०, म्हणजे खरी बेसलाइन ६८०, बोट लावल्यावर डेटा ६४०, फरक ४०. गुणायचं विसरलात तर १७० वजा ६४० म्हणजे उणे ४७०, आणि व्हेरिएबल १६ बिटचं अनसाइन्ड (उणे आकडा न धरणारं) असेल तर थेट ६५०६६. असला विचित्र मोठा आकडा दिसला की हार्डवेअरला शिव्या देऊ नका.

बेसलाइन हळूहळू डेटाच्या मागे सरकत असते, तापमान आणि ओलावा बदलतो म्हणून ते हवंच असतं. पण खाली सरकण्याचा स्पीड जास्त ठेवलात तर हळू येणारं बोट ती गिळून टाकते आणि टच लागतच नाही. उलट पॉवर देताना बोट पॅडवर असेल तर बोटासकट बेसलाइन भरली जाते आणि तेवढा पॅड काही वेळ मठ्ठ राहतो. टेस्ट करताना बोर्ड हातात धरून यूएसबी लावायची सवय असते ना, तिथेच हे होतं.

टोकाला आकडा का पोचत नाही

पोझिशन काढायची पद्धत साधी, प्रत्येक पॅडचा नंबर गुणिले त्याचा फरक, सगळ्याची बेरीज, भागिले फरकांची बेरीज. मधे बोट असताना फरक ०, १८, ४२, १२, ० आले तर १३८ भागिले ७२ म्हणजे १.९२, मस्त. आता बोट डाव्या टोकाला न्या. फरक ४५ आणि १०, बाकी शून्य, उत्तर ०.१८. पण प्रत्यक्षात बाकीच्या तीन पॅडवर शून्य नसतं, थोडा नॉइज असतोच, समजा प्रत्येकी ३. मग उत्तर होतं ३७ भागिले ६४, म्हणजे ०.५८! शून्य ते २५५ च्या स्केलवर १२ च्या जागी ३७. लांबच्या पॅडवरचा फालतू ३ सुद्धा मोठ्या नंबरने गुणला जातो म्हणून तो टोकाला असा ओढतो, मधे असताना मात्र दोन्ही बाजूंचा नॉइज एकमेकांना कापतो आणि कळत पण नाही.

उपाय म्हणजे सगळ्यात मोठा फरक असलेला पॅड आणि त्याचे शेजारी एवढेच धरायचे, बाकी सरळ शून्य. तरी ०.१८ उरतोच, तो स्केल दोन्हीकडून थोडा ताणून घालवायचा. पीसीबी अजून बनवायचा असेल तर पॅड करवतीच्या दातांसारखे एकमेकांत घुसवा, सरळ चौकोन ठेवलेत तर एका पॅडवरून दुसऱ्यावर जाताना उडी येणारच, कोड कितीही घासा.

आता थ्रेशोल्ड

पॅडच्या बरोबर मधोमध बोट ठेवून थ्रेशोल्ड ठरवू नका. तिथे ४२ येतात, दोन पॅडच्या मधल्या फटीवर तेच बोट २५-२५ असं वाटलं जातं. ४२ बघून ३० लावलात की प्रत्येक फटीवर बोट गायब. सगळ्यात कमकुवत जागा शोधा, तिथे हलक्या बोटाने मोजा, आणि त्याच्याही बऱ्यापैकी खाली ठेवा. रिलीजचा थ्रेशोल्ड टचपेक्षा कमी हवा, सारखा ठेवलात तर कडेवर टच-रिलीज-टच असं फडफडतं. सिग्नल नॉइजच्या निदान पाचपट नसेल तर मात्र आकड्यांशी खेळणं सोडा आणि हार्डवेअर बघा.

हार्डवेअर म्हणजे मुख्यतः वरचं कव्हर. उघड्या पॅडवर केलेलं कॅलिब्रेशन कव्हर लावल्यावर निकामी होतं, म्हणून फायनल डब्यात बसवूनच करा. काच ॲक्रिलिकपेक्षा बरी, पण दोघांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे कव्हर आणि पॅडमध्ये हवा नको. टेपखाली एक बुडबुडा राहिला की तेवढाच पॅड कमजोर, आणि मग लोक त्या एकाच पॅडचा थ्रेशोल्ड वेगळा लावतात, चार दिवसांनी टेप अजून सुटते आणि परत सुरू. पॅडच्या खाली सलग ग्राउंड ओतलेला असेल तर सिग्नल दबतो, जाळीचा ग्राउंड ठेवा. एलईडीच्या पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणाऱ्या) लाइन सेन्सरच्या ट्रॅकशेजारून नेऊ नका.

शेवटची टेस्ट बॅटरीवर एकदा आणि स्वस्त चार्जरवर एकदा, दोन्ही. लॅपटॉपच्या यूएसबीवर छान चाललेला स्लायडर चार्जरवर वेडा होतो, तेही फक्त बोट लावल्यावरच, कारण चार्जरचा नॉइज बोटातूनच पॅडमध्ये येतो. तेव्हा डिबाउन्स (टच सलग किती वेळा दिसला की खरा मानायचा) आणि फिल्टरचे सॅम्पल एकेक पायरी वाढवा, स्लायडर थोडा सुस्त वाटेल पण उड्या थांबतील.