आधी वरळी, मग वांगणी

माझ्या भावाची दोन मुलं, ओजस दहाचा आणि इरा साडेपाचची. सुट्टी लागली की दोघं डोंबिवलीला माझ्याकडे, आणि त्यांना तारे दाखवायचं खातंही माझ्याचकडे. तीन वर्षांत चुका करत करत जे जमलं ते लिहितेय.

पहिली चूक म्हणजे ओजसला मी थेट दुर्बिणीपाशी नेलं. पोरगं वीस मिनिटं रांगेत उभं राहिलं, डोळा लावला आणि म्हणालं, "आत्या, एवढुस्साच?" शनी होता तो! कडं स्वच्छ दिसत होतं, माझ्या अंगावर काटा आला होता. पण त्याने यानांनी काढलेले फोटो टीव्हीभर पाहिलेले, त्यापुढे हा ठिपका कसा पुरणार? तेव्हापासून घरून निघतानाच मी काय दिसणार नाही ते सांगून टाकते. फोटोतले रंग दिसणार नाहीत. देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) म्हणजे आरशावर हाः केल्यासारखा पुसट डाग, फक्त पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा. गुरूचे चार चंद्र म्हणजे एका ओळीतले ठिपके. आणि शनी साबुदाण्याच्या दाण्याएवढा, पण कड्यासकट. पुढे इराची पाळी आली तेव्हा ती तिथेच ओरडली, "साबुदाण्याला खरंच कडं आहे!" रांगेतले सगळे हसले. (हे कडंही दरवर्षी सारखं दिसत नाही बरं. 2025च्या मार्चमध्ये ते आपल्याकडे कडेने वळलं होतं, म्हणजे जेमतेम रेघ.)

म्हणून माझा क्रम ठरलाय: आधी तारांगण, त्याच आठवड्यात गच्ची, आणि मग अंधारातलं खरं आकाश.

वरळीचं नेहरू तारांगण 1977 सालचं. मी तिथे पहिल्यांदा गेले ती शाळेच्या सहलीतून, 1986मध्ये, हॅलेचा धूमकेतू आला होता त्या वर्षी. आमच्याकडून जायचं तर दादरला उतरून वेस्टर्नने महालक्ष्मी आणि पुढे टॅक्सी. सोमवारी बंद असतं. मराठी, हिंदी, इंग्रजी शो वेगवेगळ्या वेळी असतात, तर आधी मराठी शोची वेळ विचारा आणि मग कोणती लोकल पकडायची ते ठरवा. माझी भाचरं इंग्रजी माध्यमातली, म्हणून मी एकदा शहाणपणाने इंग्रजी शोला बसवलं. इरा दहाव्या मिनिटाला झोपली. मराठी शोमध्ये सप्तर्षी, मृग, व्याध ही नावं कानावर पडतात, आणि रात्री गच्चीवर आजी जी नावं घेते तीच ही, एवढं कळलं की पोरं जागी राहतात.

अर्धा तास आधी पोचा, कारण शो सुरू झाला की आत सोडत नाहीत. आधी शू उरकून घ्या. रांगेत वेळ काढायला वजनाचा खेळ बरा पडतो: पृथ्वीवरचं वजन भागिले सहा म्हणजे चंद्रावरचं, आणि गुरूवर साधारण अडीचपट. इरा अठरा किलोची, म्हणजे चंद्रावर तीन किलो आणि गुरूवर पंचेचाळीस. "म्हणजे आत्या, तू गुरूवर..." इथे मी विषय बदलते.

आत गेल्यावर जमलं तर मागची रांग धरा, समोरचा घुमट जास्त दिसतो. लहान मुलाला खुर्चीत खाली सरकवून मान टेकवायला सांगा. दिवे मालवतात तेव्हा छोटी घाबरतात, तर "आता सूर्य मावळणार, हात दे" एवढं आधीच सांगून ठेवा. आकाश गरगर फिरायला लागलं की खुर्चीच फिरतेय असं वाटतं. पोटात ढवळलं तर डोळे मिटायचे, लगेच थांबतं. आणि बूट बघा! इराच्या बुटांत लाल-निळे दिवे होते, पाय हलला की लखलख. मागून एक काका दोनदा खाकरले, तेव्हा मला कळलं. बूट काढून पिशवीत टाकले. आता आकाशाच्या कुठल्याही कार्यक्रमाला साधी चप्पल.

गच्चीवर शहराच्या उजेडात पंधरा-वीसच तारे दिसतात, पण शिकायला तेवढे पुरतात. ध्रुव शोधायचा तर मुठी मोजा. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. आपण आहोत सुमारे एकोणीस अंश अक्षांशावर, म्हणून ध्रुवही उत्तर क्षितिजापासून तेवढाच वर, दोन मुठींना जरासा कमी. पोरांची मूठ लहान असते, पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जुळतो. ओजसने मोजून दाखवलं तर मूठ बरोबर समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर. ध्रुव टाकीच्या मागे! आम्ही चार पावलं सरकलो.

खऱ्या अंधारासाठी आम्हाला कर्जत लाइनवरचं वांगणी सोयीचं. खगोल मंडळ या हौशी आकाशनिरीक्षकांच्या संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तिथे होतात, समजावून सांगणारी माणसंही असतात. तारीख मात्र कॅलेंडर बघूनच ठरवा. एकदा मी दुसरीकडे कुठेतरी पैसे भरून दोघांना नेलं, 'चांदण्यांची रात्र' अशी जाहिरात होती. पोचलो तर कोजागिरी! मसाला दूध झकास होतं, तारे मोजून नऊ. म्हणून तारे बघायचे तर हिवाळ्यातली अमावास्या किंवा तिच्या आसपासचा शनिवार. चंद्रच बघायचा तर शुद्ध अष्टमीच्या सुमारास. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, विवरांच्या सावल्याच पडत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं.

अंधाराला डोळा सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका झळकीने सगळं पाण्यात जातं. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावून रबरबँड घाला, लाल उजेडाने नजर तेवढी बिघडत नाही. चटई, गोधडी, कानटोपी आणि दशम्या घ्या. एक डोळा मिटून बघणं पाच वर्षांच्या मुलाला येत नाही, हे मला तिथे जाऊन कळलं. आता आठवडाभर आधी फॉइलच्या रिकाम्या नळीतून देवघरातली समई बघायची तालीम होते. दुर्बिणीपाशी दोन्ही हात पाठीमागे. नळीला धरलं की शनी पळाला. पुसट काही बघायचं असेल तर त्याच्यावर नजर रोखायची नाही, जरा बाजूला बघायचं. मग ते उमटतं.

लहानांना नऊच्या आत मृग, कृत्तिका, रोहिणी दाखवा आणि झोपू द्या. मृगाच्या पोटातले तीन तारे म्हणजे व्याधाचा बाण. त्या रेषेत खाली आलं की स्वतः व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. इराला बाणाची बाजू पटली नाही. तिने व्याधाला अर्धा तास तंबी दिली आणि झोपली.

नारायणगावजवळचं खोडद मोठ्या मुलांसाठी. तिथली जीएमआरटी ही भलीमोठी रेडिओ दुर्बीण, म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मध्यभागी, बाकीच्या इंग्रजी वायच्या आकारात कित्येक किलोमीटर पसरलेल्या. डोळा लावायला काही नाही, हे आधीच सांगा. ही रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण आहे. तबकडी पत्र्याची नाही, जाळीची. लहरींची लांबी भोकांपेक्षा मोठी, म्हणून त्या आरपार जात नाहीत, वारा मात्र जातो. ओजसला हे पटायला पिठाची चाळणी लागली: रवा वर राहिला, पीठ खाली. एरवी आधी परवानगी काढावी लागते. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला प्रदर्शन असतं, तेव्हा शाळांच्या बसेसची रीघ लागते. आम्ही डोंबिवलीहून पहाटे पाचला निघतो. मोबाईल तिथे बंदच ठेवायचा, नाहीतर त्याचाच गोंगाट तबकड्यांत घुसतो. ओजसने तो कुरकुरत बंद केला आणि दर पाच मिनिटांनी मला विचारत राहिला, "आत्या, तुझा केलास?"